एकादशी कधी, हे यंत्राला कोण सांगतं?

आषाढी एकादशीच्या चार दिवस आधी आमच्या कोपऱ्यावरचे शेठ साबुदाण्याचं पोतं ओढत दाराशी आणतात. शेजारी भगर, तिला टेकून शेंगदाणे, वर राजगिऱ्याच्या लाडवांची बरणी. हे त्यांना कुणी सांगत नाही. तीस वर्षं गल्ल्यावर बसून पाठ झालंय.

मॉलमधल्या मोठ्या दुकानाकडे असे शेठ नसतात. तिथे वस्तू हजारो, शाखा शेकड्यांनी, आणि आज असलेला माणूस पुढच्या आषाढीला असेलच असं नाही. मग साबुदाणा कधी मागवायचा आणि किती, हे ठरवायला कॉम्प्युटर लावतात. यालाच कृत्रिम बुद्धिमत्ता किंवा एआय म्हणतात. नाव भारदस्त आहे; काम बरंचसं मोजणीचं.

मोजायचं काय? बिलं. पूर्वी काउंटरवर नुसती किंमत टाइप करायचे, त्यामुळे संध्याकाळी गल्ला किती जमला ते कळायचं, पण साबण किती खपले ते कळायचं नाही. 26 जून 1974 रोजी अमेरिकेतल्या ओहायो राज्यात, ट्रॉय नावाच्या गावातल्या एका दुकानात च्युइंगगमचं पाकीट पहिल्यांदा काचेवरून सरकवलं गेलं आणि त्यावरच्या काळ्या पट्ट्या यंत्राने वाचल्या. तोच बारकोड. तेव्हापासून प्रत्येक ‘पीं’बरोबर कुठली वस्तू गेली याची नोंद राहू लागली.

आता एक खेळ. समजा, तुमच्यासमोर 10 बिलं आहेत. त्यातल्या 5 बिलांवर साबुदाणा आहे, आणि त्या 5 पैकी 4 बिलांवर शेंगदाणेही आहेत. दहाही बिलं पाहिली तर शेंगदाणे फक्त 5 वर आहेत. म्हणजे एरवी दोघांतला एक जण शेंगदाणे घेतो, पण साबुदाणा घेणाऱ्या पाचांतले चार घेतात. सापडली जोडी! खिचडी कशी करतात हे यंत्राला माहीत नाही, तरी खिचडीतलं सामान त्याने ओळखलं.

इथे एक फसगत आहे. समजा, कापडी पिशवी दहाही बिलांवर आहे. मग साबुदाण्याच्या पाचही बिलांवर ती असणारच. ‘साबुदाणा घेणारा पिशवी घेतोच’ हे खरं, पण निरुपयोगी. पिशवी सगळेच घेतायत! म्हणून यंत्र दर वेळी विचारतं: ही जोडी एरवीपेक्षा जास्त वेळा एकत्र दिसते का?

दहा बिलांचं तुम्ही बोटांवर कराल. पण दुकानात 10,000 वस्तू असतील तर त्यांच्या जोड्या जवळपास 5 कोटी होतात आणि तीन-तीनचे गट साडेसोळा हजार कोटींच्या वर जातात. एवढे मोजत बसलं तर पुढची आषाढी येईल. 1994 मध्ये आयबीएम या कॉम्प्युटर कंपनीच्या प्रयोगशाळेतल्या राकेश अग्रवाल आणि रामकृष्णन श्रीकांत या दोन संशोधकांनी यावर एक साधी, सुंदर युक्ती मांडली. जी वस्तू एकटीच फारशी खपत नाही, ती असलेली कुठलीही जोडी फारशी खपणार नाही. मग ती जोडी मोजायचीच कशाला? आधी एकेकट्या वस्तू मोजा, अगदी कमी खपणाऱ्या गाळा, उरलेल्यांच्याच जोड्या लावा, मग त्यातून तिकड्या. बघता बघता कोट्यवधी गट मोजण्याआधीच बाद होतात. कॉलेजात कॉम्प्युटर शिकणारी मुलं आजही ही पद्धत ‘अप्रायोरी’ या नावाने शिकतात.

सोबत काय जातं ते कळलं, कधी जातं? 2004 मध्ये फ्रान्सिस नावाचं चक्रीवादळ फ्लोरिडाकडे निघालं होतं, तेव्हा वॉलमार्ट या अमेरिकी दुकानवाल्यांनी आधीच्या वादळाच्या वेळची विक्री तपासली. टॉर्च वगैरे खपणार हे कुणीही सांगेल. पण स्ट्रॉबेरीच्या पॉप-टार्टचा, म्हणजे आत जॅम भरलेल्या चपट्या खाऊचा खप वादळाआधी नेहमीच्या सात पट झाला होता! का, ते यंत्राने सांगितलं नाही. ते माणसाने ताडायचं: वीज गेली तरी शिजवायला नको, फ्रीज नको, मुलं रडत नाहीत.

आता आपल्या एकादशीकडे या, कारण इथे यंत्राची खरी पंचाईत होते. आषाढी 2023 मध्ये 29 जूनला होती, 2024 मध्ये 17 जुलैला आणि 2025 मध्ये 6 जुलैला. ‘गेल्या वर्षी या तारखेला काय खपलं?’ एवढंच पाहणाऱ्या यंत्राने 2024 मध्ये साबुदाणा अठरा दिवस आधी आणून ठेवला असता, आणि 2025 मध्ये एकादशी उलटून अकरा दिवस झाल्यावर. चंद्राचे बारा महिने साधारण 354 दिवसांत संपतात, त्यामुळे तिथी मागे सरकते. मग अधिक महिना येऊन तिला पुढे ढकलतो. 2023 मध्ये अधिक श्रावण होता. म्हणून यंत्राला तारखेसोबत आणखी एक रकाना द्यावा लागतो: ‘एकादशीला किती दिवस उरले?’ तो रकाना हवा, हे सुचणारा माणूस लागतो, आणि त्याच्या घरी कालनिर्णय टांगलेलं असलं तर उत्तमच.

अंदाज चुकतोच थोडाफार. पण कुठल्या बाजूला चुकायचं हे ठरवता येतं. मेथीची जुडी दोन दिवसांत पिवळी पडते, म्हणून मेथी थोडी कमीच मागवलेली बरी. मीठ कुठे पळून जातंय? ते जास्त आलं तरी चालतं.

बाकी कॅमेरे, रोबो वगैरे गमती आहेतच. सिएटल शहरात 2018 मध्ये अ‍ॅमेझॉनने असं दुकान उघडलं की वस्तू उचला आणि चालू लागा. छतातले कॅमेरे आणि फळीखालचे वजनकाटे मिळून बिल करायचे. मला मात्र जास्त आवडतो तो मार्टी. अमेरिकेतल्या काही दुकानांत 2019 मध्ये फिरू लागलेला हा खांबासारखा उंच रोबो, त्याला मोठे बटबटीत डोळे चिकटवलेले. जमिनीवर काही सांडलेलं दिसलं की तो थांबतो आणि ओरडून सांगतो. पुसत नाही! आमच्या घरातही असा एक जण आहे.

काउंटरवर ‘मोबाइल नंबर?’ विचारतात ते आठवतंय? त्या नंबरामुळे तुमच्या घरची सगळी बिलं एका दोऱ्यात ओवली जातात. माझी आई दर आषाढीला मॉलमधून भगर आणते. यंदा ती दिंडीत गेली. शेठना ते ठाऊक होतं, कारण पावसासाठी डोक्यावर घ्यायचा प्लास्टिकचा कागद तिने त्यांच्याकडूनच नेला होता, रोख पैसे देऊन. मला म्हणाले, “ताई, या वेळी भगर नको ना तुम्हाला?” त्याच संध्याकाळी वाल्हे गावच्या मुक्कामात आईच्या फोनवर मॉलचा मेसेज आला: भगरीवर खास तुमच्यासाठी दहा टक्के सूट.