तारे आदळले, की ताऱ्याचं कवच तडकलं?

15 नोव्हेंबर 2023. युरोपीय अवकाश संस्थेच्या 'इंटिग्रल' दुर्बिणीवर गॅमा किरणांचा एक झोत आला आणि सेकंदाच्या दहाव्या हिश्शात संपलाही. त्याची माहिती जमिनीवर उतरल्यावर अवघ्या 13 सेकंदांत जगभरच्या खगोलशास्त्रज्ञांना सूचना गेली: स्फोट झालाय, आणि तो एम 82 या दीर्घिकेच्या दिशेला आहे. रिवाजाप्रमाणे नाव पडलं जीआरबी 231115ए. जीआरबी म्हणजे गॅमा किरण स्फोट, आकडे म्हणजे वर्ष, महिना आणि दिवस.

हे नाव म्हणजे जन्मवेळ लिहिलेला पण आईबापांची नावं कोरी सोडलेला दाखला आहे. इतका आखूड झोत दोन अगदी वेगळ्या घटनांतून येऊ शकतो, आणि त्या दोघींची गल्लत आजही होते.

पहिली घटना दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या टकरीची. न्यूट्रॉन तारा म्हणजे मोठ्या ताऱ्याच्या स्फोटानंतर उरलेला अतिघन गाभा. एकमेकांभोवती घिरट्या घालत ते शेवटी एकमेकांत कोसळतात, आणि प्रकाशाच्या जवळपास वेगाने एक अरुंद झोत बाहेर पडतो. 17 ऑगस्ट 2017 रोजी हे जगाने पाहिलं. आधी लायगो आणि व्हर्गो या वेधशाळांनी गुरुत्वीय लहरी, म्हणजे अवकाशातच उठलेले तरंग, टिपल्या, मग 1.7 सेकंदांनी गॅमा किरण आले. ते 'फर्मी' या गॅमा किरण दुर्बिणीनेही नोंदवले आणि 'इंटिग्रल'नेही. सुमारे 13 कोटी प्रकाशवर्षं दूरच्या एनजीसी 4993 या दीर्घिकेत त्याच दिवशी नवा प्रकाशबिंदू सापडला. नवव्या दिवशी क्ष-किरण दिसले, मग रेडिओ लहरी. नारायणगावजवळ खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीनेही त्यांचा माग काढला. टकरीनंतर ते दोन तारे उरत नाहीत. तो स्फोट त्यांच्या आयुष्यात एकदाच होतो.

दुसरी घटना एकट्या ताऱ्याची. मॅग्नेटार हाही न्यूट्रॉन ताराच, पण त्याचं चुंबकीय क्षेत्र पृथ्वीच्या क्षेत्राच्या अब्जावधी पट नव्हे, त्याच्याही हजारो पट तीव्र असतं. त्या ताणाखाली ताऱ्याचं कठीण कवच तडकतं, चुंबकीय रेषा तुटून नव्याने जुळतात आणि ऊर्जेचा लोळ उठतो. तारा मात्र शाबूत राहतो, आणि पुन्हा कधीतरी भडकू शकतो. मला हा फरक सगळ्यात मोठा वाटतो.

असा लोळ जवळून कसा दिसतो, हे 27 डिसेंबर 2004 ला कळलं. आपल्याच आकाशगंगेतला एसजीआर 1806-20 हा मॅग्नेटार भडकला. सूर्य लाख वर्षांत जितकी ऊर्जा देतो, त्याहून जास्त ऊर्जा त्याने सेकंदाच्या पाचव्या हिश्शात ओतली. पृथ्वीच्या वातावरणाचा वरचा, विद्युतभारित थर हलला. 'स्विफ्ट' दुर्बिणीचं तोंड भलतीकडेच होतं, तरी किरण तिच्या कडेतून आत घुसले. पण ओळख पटवणारी गोष्ट पुढे होती. त्या पहिल्या लखलखाटानंतर सहा मिनिटं मंद होत जाणारी शेपटी दिसली, आणि तिच्यात दर 7.56 सेकंदांनी एक ठोका होता. दीपगृहाचा दिवा फिरावा तसा तारा स्वतःभोवती फिरत होता. आदळून संपलेल्या ताऱ्यांकडून असा ठोका येणं शक्य नाही.

मग एम 82 च्या वेळी ठोका का नाही मोजला? कारण एम 82 आहे 1 कोटी 20 लाख प्रकाशवर्षं दूर. तिथून शेपटी पोचेपर्यंत इतकी क्षीण होते की उपकरणाला लागतच नाही. हाती येतो तो फक्त पहिला लखलखाट, आणि तो हुबेहूब टकरीच्या स्फोटासारखा दिसतो. घोळ होतो तो इथेच.

अशा वेळी पत्ता कामाला येतो. गॅमा किरण आरशाने गोळा करता येत नाहीत, आरपार जातात. म्हणून 'इंटिग्रल'मध्ये डिटेक्टरच्या तीनेक मीटर वर टंगस्टनची भोकाभोकांची जाड जाळी बसवली होती. जाळीच्या खिडकीतून ओसरीवर ऊन पडतं, आणि नक्षी कुठे सरकली त्यावरून सूर्य कुठे आहे ते कळतं. इथेही तसंच. खाली 16384 छोट्या चौकटी, त्यांवर जाळीची सावली, आणि सावलीच्या नक्षीवरून गणिताने काढलेली दिशा. ती दिशा नेमकी एम 82 वर पडली. या दीर्घिकेत तारे झपाट्याने जन्मतात, आणि मॅग्नेटार हे तरुण ताऱ्यांच्या वस्तीतच सापडतात.

पण दिशा जुळली म्हणून निकाल लागत नाही. एम 82 च्या पाठीमागे फार लांब कुठेतरी टक्कर झाली असेल तर? म्हणून 'एक्सएमएम-न्यूटन' या क्ष-किरण दुर्बिणीने तिकडे नजर वळवली. तिला दीर्घिकेतला तप्त वायू आणि तारे दिसले, नवं काहीच नाही. जमिनीवरच्या दुर्बिणींनाही नवा प्रकाशबिंदू सापडला नाही. इतक्या जवळ टक्कर झाली असती तर गुरुत्वीय लहरी चुकणं अवघड होतं, त्याही आल्या नाहीत. काही न दिसणं हाच इथे मॅग्नेटारचा भक्कम पुरावा ठरला. पण तो पुरावा मिळाला कारण पत्ता लवकर आणि नेमका कळला. नाहीतर कुठे बघायचं, हेच कोणाला ठाऊक नसतं.

3 नोव्हेंबर 2005 च्या स्फोटाबाबत तेच झालं. तोही एम 82 आणि तिची शेजारीण एम 81 यांच्याच परिसरातून आला होता. मात्र दिशा वेगवेगळ्या यानांवर किरण पोचण्याच्या वेळांतल्या फरकावरून काढावी लागली, आणि आकाशाचा बराच मोठा तुकडा संशयात राहिला. 1 फेब्रुवारी 2007 चा एक स्फोट देवयानी दीर्घिकेच्या दिशेचा होता. तिथे टक्कर झालेली नाही, एवढं लायगोच्या मौनाने सांगितलं. जीआरबी 051103 आणि जीआरबी 070201 ही त्यांची नावं, आणि दोघांमागे मॅग्नेटारच असावा असं आता मानलं जातं. जुन्या याद्यांत लघु स्फोट म्हणून लिहिलेल्या आणखी किती नोंदी अशा निघतील, ते एकेक तपासूनच कळेल.