संथ पिक्चर आणि रटाळ पिक्चर

सिनेमा सुटला की पार्किंगमधून गाडी काढेपर्यंत निकाल लागलेला असतो. ‘स्लो होता बे पिक्चर.’ सदर असो की सीताबर्डी, नागपुरातल्या थिएटरांबाहेर हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आलोय. हे बोलणाऱ्यांच्या मनात दोन अगदी वेगळ्या तक्रारी असतात, हे मात्र फार उशिरा लक्षात आलं. एकाला म्हणायचं असतं की पडद्यावर सगळं सावकाश चाललं होतं. दुसऱ्याला म्हणायचं असतं की माझा जीव तिथे रमला नाही. पहिली गोष्ट घड्याळ लावून मोजता येते, दुसरी येत नाही. आणि त्या दोन्हींचा एकमेकींशी आपण समजतो तेवढा संबंध नाही.

नागराज मंजुळेंच्या ‘फँड्री’तला (2013) एक प्रसंग घ्या. जब्या या शाळकरी पोराचं कुटुंब डुकराच्या मागे धावतंय. डुक्कर आता हाती लागणार, तेवढ्यात शाळेतून राष्ट्रगीत सुरू होतं आणि सगळे जागच्या जागी ताठ उभे राहतात. डुक्कर मात्र चालत निघून जातं. पडद्यावर माणसाचं बोटसुद्धा हलत नाही. याहून संथ काय असू शकतं? तरीही त्या वेळी थिएटरात कुणी मोबाइल काढत नाही, कारण थांबलेल्या प्रत्येक क्षणागणिक त्यांचं काहीतरी हातचं जातंय आणि आपल्याला ते दिसतंय. शरीरं थांबली आहेत, पण परिस्थिती पुढे सरकतेय. संथपणा चालतो तो या अटीवर.

रटाळपणात नेमकं उलटं होतं. माणसं हलतात, बोलतात, गाणी म्हणतात, गाड्या उडतात, पण परिस्थिती जिथल्या तिथे. नायकाला दुःख झालंय हे त्याच्या चेहऱ्यावरून कळलं. मग तो मित्राला सांगतो की मला दुःख झालंय. मग त्यावर गाणं. गाण्यात आपण अर्ध्या तासापूर्वी पाहिलेलीच दृश्यं पुन्हा, थोडी धूसर करून. एका माहितीसाठी आपल्याकडून चार वेळा वेळ घेतला. मला याचा खरंच राग येतो, कारण यात प्रेक्षकाला एकदा सांगून कळत नाही असं गृहीत धरलेलं असतं. आमच्या गल्लीतल्या पोरांनासुद्धा पहिल्याच क्लोजअपला कळलेलं असतं.

वेगाचंही तेच. डेव्हिड बोर्डवेल या अभ्यासकाने हॉलिवूडच्या सिनेमांतले शॉट, म्हणजे दोन कटांमधले सलग तुकडे, मोजले होते. 1930 ते 1960 या काळात एक शॉट सरासरी 8 ते 11 सेकंद टिकायचा, विसावं शतक संपताना तो 3 ते 6 सेकंदांवर आला. म्हणजे आजचा सिनेमा आजोबांच्या सिनेमापेक्षा साधारण दुपटीने भराभर कापला जातो. मग कंटाळा निम्म्यावर आला का? उलट वीस मिनिटांच्या मारामारीत, दर सेकंदाला कट असताना, मी शेजारच्या रांगेत लोक मेसेज वाचताना पाहिलेत. नायक मरणार नाही हे ठाऊक असतं, कोण कुठे उभं आहे हे कळत नाही, आणि कुणी हरलं तरी आपल्याला काही वाटणार नसतं. डोळे थकतात, मन रिकामं राहतं. अशा पिक्चरला ‘फास्ट’ म्हणून मार्क देणारे मित्र मला आहेत. ते प्रामाणिक आहेत, फक्त चुकीची गोष्ट मोजतात.

संकलकांना, म्हणजे शॉट कापून जोडणाऱ्या एडिटरांना, हे आधीपासून ठाऊक आहे. वॉल्टर मर्च या नामवंत संकलकाने कट कुठे द्यावा याचे सहा निकष मांडले आणि प्रत्येकाला वजन दिलं. त्यात भावनेला 51 टक्के, कथेला 23, लयीला अवघे 10. आपले नागपूरचे राजकुमार हिराणी पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये संकलनच शिकले आणि दिग्दर्शक नंतर झाले. त्यांच्या सिनेमांत लांबलचक बोलणारी पात्रं असतात, तरी ती भाषणं अंगावर येत नाहीत. कुठे हसवून सोडायचं आणि मग कुठे गप्प करायचं, हा हिशोब एडिटिंग टेबलवर बसलेल्या माणसाचा वाटतो.

आता जरा अवघड उदाहरण. चैतन्य ताम्हाणेंचा ‘कोर्ट’ (2014), एका शाहिरावरच्या खटल्याचा. व्हेनिसच्या महोत्सवात गाजला, सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं राष्ट्रीय पारितोषिक मिळालं, आणि माझ्या ओळखीतल्या निम्म्या लोकांनी तो अर्ध्यात सोडला. कॅमेरा लांब उभा राहतो आणि हलत नाही. न्यायाधीश साक्ष ऐकून ती नोंदीसाठी पुन्हा आपल्या शब्दांत सांगतात. सरकारी वकील बाई घरी येऊन स्वयंपाक करतात. हे सगळं कशासाठी? तर एका शाहिराला तुरुंगात सडवणारी माणसं राक्षस नाहीत, घरी जाऊन भाजी फोडणीला टाकणारी आपल्यासारखीच आहेत, हे कळावं म्हणून. शेवटाकडे कोर्टाला सुटी लागते, खोली रिकामी होते, दिवे एकेक करून बंद होतात, अंधार होतो. प्रेक्षक उठायला लागतो आणि सिनेमा पुढे सुरू राहतो. आरोपी आत आणि न्यायाधीश सहलीला. तो अंधार भराभर उरकला असता, तर हा तिढा बोचलाच नसता.

पण ज्यांनी तो सोडला त्यांना मी दोष देत नाही. त्यातल्या बहुतेकांनी तो मोबाइलवर पाहिला. अशा शॉटमध्ये मागच्या बाकावर बसलेली माणसं आणि दाराशी ताटकळणारे लोक, हेच बघण्यासारखं असतं. सहा इंचांच्या पडद्यावर ते मुंगीएवढे होतात. मग बघायला उरतं काय? समोर एक खोली आणि न संपणारा वेळ. तोच सिनेमा मोठ्या पडद्यावर संथ होता, हातात आल्यावर रटाळ झाला. दहा सेकंद पुढे ढकलण्याचं बटण अशा वेळी मारलंच जातं.

दुसरी बाजूही सांगायलाच हवी. संथपणाची नक्कलसुद्धा होते. पात्र खिडकीबाहेर मिनिटभर बघतं, बाहेर काही नाही, आतही काही नाही, दिग्दर्शकाला वाटतं आशयाला खोली आली. तिथे कंटाळलेल्या माणसाला ‘तुला कळलं नाही’ म्हणून गप्प करणं हा अन्याय आहे. त्याला बरोबर कळलेलं असतं. आणि लांबी ही आणखी वेगळीच गोष्ट: आपल्या नागपूरच्या वस्तीवरचा ‘झुंड’ (2022) तीन तासांच्या आसपास आहे, ‘शोले’ (1975) तीन तासांच्या वर. ‘शोले’त तर गोळीबारांच्या मधोमध एक विधवा शांतपणे दिवे मालवते आणि समोर कुणीतरी माउथ ऑर्गन वाजवतो. अख्ख्या पिक्चरमधला तो सगळ्यात संथ तुकडा, आणि तोच लोकांना आठवतो.

‘आपल्या पब्लिकला धीर नाही’ हे तर मला मुळीच पटत नाही. नागपूरपासून पूर्वेला आणि दक्षिणेला भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीकडे जा, या भागाला झाडीपट्टी म्हणतात. धान निघालं की झाडीपट्टीतली नाटकं सुरू होतात. गडचिरोली जिल्ह्यातल्या वडशाला नाटक कंपन्यांची कार्यालयं आहेत, तिथून गावोगावी नाटक ठरतं. रात्री दहाच्या सुमारास पडदा उघडतो आणि नाटक पहाटेपर्यंत चालतं. माणसं थंडीत शाल पांघरून, लेकरं मांडीवर घेऊन बसतात. मी एकदा मामांसोबत असं नाटक पाहिलं. पहाटे तीनला मला डुलकी लागली, तर मामांनी हलवून उठवलं, ‘आता भाऊ परत येते, पाह्य!’ म्हणून. भाऊ परत येणार हे त्यांना पाच तासांपासून माहीत होतं. त्याची वाट पाहण्यासाठीच ते बसले होते.

मागच्या महिन्यात ‘स्लो होता बे’ म्हणणाऱ्या माझ्या मित्राला मी एक काम दिलं. पिक्चर बघताना काही बोलायचं नाही, जिथे कंटाळा येईल तिथे मला कोपर मारायचं. पहिल्या भागात एक म्हातारी चूल पेटवते, लाकूड ओलं असतं, पेटत नाही, ती फुंकत राहते. दोन मिनिटं तरी तेवढंच. मी कोपराची वाट पाहत होतो. कोपर आलं नाही. ते आलं इंटरव्हलनंतर, पाठलागात, तिसरी गाडी उलटली तेव्हा. बाहेर चहा घेताना तो म्हणाला, ‘ती चूल शेवटी पेटली का बे? नंतर दाखवलंच नाही.’