जाड होऊन मेलेल्या कोंबड्या

1980च्या दशकाच्या शेवटाला आपल्याकडच्या पोल्ट्र्यांमध्ये कोंबड्यांना मर लागली होती, हजारोंनी कोंबड्या गेल्या. मुंबईतले पशुवैद्यक डॉ. एस. एम. अजिंक्य यांना त्यामागे एक अ‍ॅडेनोव्हायरस सापडला. डॉ. अजिंक्य आणि धुरंधर कुटुंब यांची घसट होती, आणि डॉ. निखिल धुरंधर तेव्हा वडिलांबरोबर मुंबईत लठ्ठपणावर उपचार करणारी प्रॅक्टिस चालवत होते. एकदा गप्पांमध्ये या कोंबड्यांचा विषय निघाला. पोस्टमॉर्टममध्ये काय दिसलं ते अजिंक्य सांगत होते, लिव्हर सुजून फिकट पडलेलं, थायमस (प्रतिकारशक्तीशी संबंधित ग्रंथी) आक्रसलेला आणि पोटात चरबीच चरबी.

इथे धुरंधरांचे कान टवकारले. आजारी पडलेला जीव वाळतो, हे सांगायला डॉक्टर लागत नाही, घरातली आजी पण सांगेल. ताप येऊन गेला की गालफडं बसतात. मग इन्फेक्शननं मेलेली कोंबडी जाड कशी काय? दुसरा कुणी असता तर "हो का, कमाल आहे" म्हणून पुढच्या विषयाला लागला असता (मी तरी नक्कीच लागलो असतो).

धुरंधरांनी तेच पीएचडीसाठी घेतलं, मुंबई विद्यापीठात. निरोगी कोंबड्या घेतल्या, काहींना व्हायरस टोचला, काहींना नाही, खाणं दोघींना सारखंच. काही आठवड्यांनी टोचलेल्या कोंबड्यांच्या अंगावर जास्त चरबी निघाली, आणि गंमत म्हणजे त्यांच्या रक्तातलं कोलेस्टेरॉल आणि ट्रायग्लिसराईड चक्क कमी झालेलं. म्हणजे अंगावर चरबी चढली पण रिपोर्ट सुधारला! हे उलटंपालटं लक्षात ठेवा, पुढची वीस-पंचवीस वर्षं हा माणूस याच्याच मागे फिरलाय.

या व्हायरसला नाव पडलं स्मॅम-1. मग साहजिकच पुढचा प्रश्न, माणसांचं काय? माणसाला मुद्दाम व्हायरस टोचून बघता येत नाही, पण रक्तात त्याच्या अँटीबॉडीज आहेत का ते बघता येतं, म्हणजे पूर्वी कधीतरी त्याची गाठ पडली होती का एवढं कळतं. मुंबईतल्या 52 लठ्ठ पेशंटचं रक्त तपासलं तर 10 जणांत त्या सापडल्या. हे दहा जण बाकीच्यांपेक्षा सरासरीनं साधारण 15 किलोनं जड होते, आणि कोलेस्टेरॉल-ट्रायग्लिसराईड मात्र त्यांचंच कमी. अगदी कोंबड्यांसारखं. आता 52 म्हणजे काही फार मोठा आकडा नाही, आणि कोंबड्यांचा व्हायरस माणसाला होतो हे म्हणणंही तेव्हा धाडसाचंच होतं, त्यामुळे लोकांनी फारसं मनावर घेतलं नाही यात नवल नाही.

मग चांगली चालू प्रॅक्टिस सोडून हे गृहस्थ बायकामुलांसकट अमेरिकेला गेले. तिथे लगेच कुणी पायघड्या घातल्या नाहीत, आधी काही काळ नॉर्थ डकोटाच्या थंडीत काढला, मग विस्कॉन्सिनमध्ये डॉ. रिचर्ड अ‍ॅटकिन्सन यांनी दार उघडलं. पण स्मॅम-1 अमेरिकेत आणायला सरकारनं परवानगीच दिली नाही, आणि ते बरोबरच होतं म्हणा, कोंबड्या मारणारा व्हायरस कोण आपल्या देशात येऊ देईल! म्हणजे ज्याच्यासाठी सातासमुद्रापार गेले तोच हातात नाही. शेवटी तिथे प्रयोगशाळांना विकत मिळणाऱ्या माणसांच्या अ‍ॅडेनोव्हायरसमधला एक निवडायचा ठरला. सर्दी-खोकला, डोळे येणं असले प्रकार करणारी ही मंडळी, आणि तेव्हा त्यांचे पन्नासएक प्रकार माहीत होते. त्यातून 36 नंबरचा (म्हणजे अ‍ॅड-36) उचलला, कारण त्याच्या अँटीबॉडीज बाकीच्या भावंडांच्या अँटीबॉडीजमध्ये मिसळत नाहीत, त्यामुळे तपासायला सोपा. निवड सोयीनं केलेली होती आणि नशिबानं नेमकी लागली.

2000 साली पेपर आला: अ‍ॅड-36 टोचलेल्या कोंबड्या आणि उंदीर दोघांची चरबी वाढली, कोलेस्टेरॉल उतरलं. मग मार्मोसेट माकडं, टोचलेल्यांचं वजन न टोचलेल्यांच्या जवळपास तिप्पट वाढलं. 2005 मध्ये अमेरिकेतल्या 502 लोकांच्या तपासणीत लठ्ठ लोकांपैकी 30 टक्क्यांकडे अ‍ॅड-36 च्या अँटीबॉडीज निघाल्या, लठ्ठ नसलेल्यांत फक्त 11 टक्क्यांकडे. त्यातच जुळ्यांच्या जोड्याही तपासल्या होत्या, आणि जिथे एकाला लागण होऊन गेलीय आणि दुसऱ्याला नाही तिथे लागण झालेलं भावंड थोडंसं का होईना जाड निघालं. पुढे लुइझियानातल्या पेनिंग्टन सेंटरमध्ये त्यांच्या टीमनं लायपोसक्शनमध्ये काढून टाकलेल्या चरबीतल्या मूळ पेशी (स्टेम सेल) घेतल्या, त्यांना व्हायरस लावला, तर त्या भराभर चरबीच्या पेशी व्हायला लागल्या.

एवढं वाचून "बघ, माझं वजन व्हायरसमुळे आहे" असं घरी जाहीर करायचा मोह होतो, माझ्या एका मावशीनं केलंही होतं. पण थांबा. उंदीर-माकडांत कारण आणि परिणाम दोन्ही दाखवता आले, माणसांत मात्र फक्त संबंध दिसतो. कदाचित आधीच जाड असलेल्या माणसाला लागण लवकर होत असेल, कोण जाणे. शिवाय अमेरिकन सैन्यातल्या लोकांवर झालेल्या अभ्यासात असा काही संबंध दिसलाच नाही, नेदरलँड्स-बेल्जियममध्येही नाही. उलट इतर बऱ्याच ठिकाणी, विशेषतः लहान मुलांत, दिसला. माझं मत विचाराल तर काही लोकांच्या लठ्ठपणात या व्हायरसचा थोडा हात असावा, सगळ्यांच्यात नाही, आणि धुरंधर स्वतःही व्हायरस हे अनेक कारणांपैकी एक कारण असंच सांगत आले. 2014-15 मध्ये ते अमेरिकेतल्या ओबेसिटी सोसायटीचे अध्यक्ष होते, तेव्हाही "कमी खा आणि चाला" एवढ्यावर हा आजार निकालात काढू नका हा त्यांचा धोशा होता.

मधल्या काळात त्यांनी अगदी घरगुती प्रश्नांवरही काम केलं. सकाळी दोन अंडी खाल्ली तर काय होतं? 2008 चा अभ्यास, जास्त वजनाची 152 माणसं, आठ आठवडे. डाएटवर असलेल्यांपैकी ज्यांनी नाश्त्याला अंडी खाल्ली त्यांचं वजन, तेवढ्याच कॅलरीचा बेगल (कड्यासारखा गोल पाव) खाणाऱ्यांपेक्षा 65 टक्के जास्त उतरलं. पण डाएट न करता नुसती अंडी खाल्ली तर काहीच फरक नाही, हे आपण सोयीस्कर विसरतो. आणि हो, या अभ्यासाला पैसा अंडेवाल्यांच्याच संस्थेकडून आला होता, तेही सोबत माहीत असलेलं बरं. 2015 मध्ये त्यांनी आणि बऱ्याच संशोधकांनी मिळून आणखी एक कडू गोष्ट सांगितली: लोक काय खाल्लं म्हणून सांगतात त्यावरून कॅलरी मोजणं बंद करा, इतकी चुकीची माहिती असण्यापेक्षा नसलेली परवडली. आपण पण आहारतज्ज्ञाच्या वहीत दुपारचे दोन बेसनलाडू कुठे लिहितो!

आता परत त्या कोंबड्यांच्या रिपोर्टकडे. चरबी जास्त आणि रक्त चांगलं, हे कसं? अ‍ॅड-36 कडे ई4ओआरएफ1 नावाचं एक प्रोटीन आहे. एरवी रक्तातली साखर पेशीत शिरायला इन्सुलिनची किल्ली लागते, आणि टाइप-2 डायबेटिसमध्ये ती किल्ली नीट फिरत नाही. हे प्रोटीन किल्लीच्या भानगडीत न पडता मागच्या दारानं, रास नावाच्या दुसऱ्या रस्त्यानं, साखर आत ओढून घेतं. साखर पेशीत गेली म्हणजे रक्तातली उतरली, आणि लिव्हरमधली चरबीही कमी झाली.

त्यामुळे धुरंधरांचा मोर्चा हळूहळू व्हायरसकडून या एकट्या प्रोटीनकडे वळला. अख्खा व्हायरस कुणाला टोचायचा नाही, फक्त त्याची ही एक युक्ती उसनी घ्यायची आणि तिचं डायबेटिसवर औषध होतं का बघायचं. अडचण अशी की प्रोटीन पेशीच्या आत पोचवावं लागतं, गोळी गिळून भागत नाही, त्यामुळे सध्या ही गोष्ट उंदरांपर्यंतच आहे. पण त्या उंदरांना तुपकट खाणं चालूच ठेवलं होतं, अंगावरची चरबीही उतरवली नव्हती, आणि तरी त्यांची शुगर सुधारली.