फ्रीहोल्ड रीजनल हायस्कूलचा प्रवेश नेमका कुठे अडतो?

न्यू जर्सीच्या मॉनमथ काउंटीत मार्लबोरो, मॅनालॅपन, इंग्लिशटाउन, हॉवेल, कोल्ट्स नेक, फार्मिंगडेल, फ्रीहोल्ड बरो आणि फ्रीहोल्ड टाउनशिप अशा आठ गावांचं मिळून एकच हायस्कूल डिस्ट्रिक्ट, म्हणजे सरकारी शाळा चालवणारी स्थानिक संस्था, आहे. शाळा सहा, वर्ग नववी ते बारावी. आठवीपर्यंतच्या शाळा चालवणारी डिस्ट्रिक्टं वेगळी, त्यामुळे धाकट्याचं नाव लागलं म्हणजे थोरल्याचंही लागलं असं धरून चालू नका.

पहिली अडचण पत्त्याची. टपालात 'इंग्लिशटाउन' लिहिलेली कितीतरी घरं प्रत्यक्षात मॅनालॅपनमध्ये मोडतात. घर कोणत्या गावात येतं ते टपालाच्या पत्त्यावरून नव्हे, प्रॉपर्टी टॅक्सच्या बिलावरून ठरवा; भाड्याने राहत असाल तर घरमालकाला विचारा.

दुसरी अडचण रहिवासाच्या पुराव्याची. लीज भावाच्या नावावर, विजेचं बिल नवऱ्याच्या नावावर, म्हणून आई खिडकीवरूनच परत येते. असं परतू नका! एखादा ठरावीक कागद नाही एवढ्याच कारणावरून अर्ज नाकारता येत नाही. सगळे पुरावे एकत्र बघायचे, असा राज्याचा नियम आहे. बँकेची पत्रं, लायसन्स, पगाराची स्लिप, जे असेल ते न्या. सोशल सिक्युरिटी नंबर किंवा इन्कम टॅक्स रिटर्न मागण्याचा अधिकार डिस्ट्रिक्टला नाही. व्हिसाची चौकशीही नाही, अपवाद फक्त एफ-1 या विद्यार्थी व्हिसाचा. जन्मदाखल्याची प्रत मागाहून, 30 दिवसांत देता येते. भारतातून येताना लसीकरणाची नोंद इंग्रजीत, तारखांसकट आणा.

सगळ्यात जास्त फसतं ते मामाकडे किंवा काकाकडे पाठवलेलं मूल. त्यासाठी पालक आणि मामा दोघांचीही प्रतिज्ञापत्रं लागतात. मामा मोबदला न घेता सांभाळतो आणि कौटुंबिक किंवा आर्थिक अडचणीमुळे पालकांना सांभाळणं शक्य नाही, हे दाखवावं लागतं. केवळ 'इथली शाळा चांगली' म्हणून पाठवलं असेल, तर कायद्याने ते बसत नाही. नातेवाइकांनी भरीला घातलं तरी खोटी प्रतिज्ञा करू नका.

अर्ज नाकारला तर तोंडी उत्तरावर थांबू नका, लेखी नोटीस मागा. तिच्या तारखेपासून 21 दिवसांत राज्याच्या शिक्षण आयुक्तांकडे अपील करता येतं. निकाल लागेपर्यंत मूल शाळेत बसू शकतं. मात्र अपील हरल्यास त्या दिवसांची फी तुमच्याकडून वसूल होऊ शकते.