येशू ख्रिस्ताचा वधस्तंभावरील मृत्यू

ख्रिस्ती धर्माचा केंद्रबिंदू असलेली घटना. यहूद्यांच्या वल्हांडण सणाच्या सुमारास, यरुशलेमच्या तटाबाहेर गुलगुथा येथे येशूला वधस्तंभावर खिळण्यात आले. शिक्षा फर्मावणारा रोमन सुभेदार पंतय पिलात इ. स. २६ ते ३६ या काळात यहूदिया प्रांतात होता. त्यावरून बहुतेक अभ्यासक मृत्यूचे वर्ष ३० किंवा ३३ धरतात. वार शुक्रवार. वल्हांडणाचे भोजन मात्र शुभवर्तमाने (येशूची चरित्रे) लिहिणाऱ्यांपैकी मत्तय, मार्क व लूक यांच्या मते आदल्या रात्री झाले होते, तर योहानाच्या मते ते अजून व्हायचे होते.

येशूच्या चरित्रातील सर्वांत भक्कम ऐतिहासिक बाब हीच. रोमन इतिहासकार टॅसिटस याने इ. स. ११६च्या सुमारास पिलाताच्या हुकमाने झालेल्या या देहदंडाची नोंद केली आहे. शिवाय गुलाम व बंडखोरांसाठी राखलेले असे लाजिरवाणे मरण अनुयायांनी आपल्या प्रभूसाठी कल्पनेने रचले असेल, हे संभवत नाही.

या शिक्षेचे क्रौर्य १९६८ मध्ये यरुशलेमजवळच्या एका कबरीत प्रत्यक्ष दिसले. येशूच्याच शतकातील येहोहानान नावाच्या माणसाच्या टाचेच्या हाडात सुमारे साडेअकरा सेंटिमीटरचा लोखंडी खिळा तसाच रुतलेला होता. टोक वाकल्यामुळे तो निघालाच नसावा. वधस्तंभावरील प्रेते सहसा गिधाडांसाठी सोडली जात. हा देह मात्र रीतसर पुरलेला होता. त्यामुळे अरिमथाईकर योसेफ या अनुयायाने येशूचे दफन केल्याचा वृत्तान्त अशक्य ठरत नाही.

क्रुसावरील पाटीवर ‘यहूद्यांचा राजा’ असे लिहिले होते, म्हणजे आरोप राजद्रोहाचा होता. कयफा व इतर मुख्य याजकांचा त्यात हात असल्याचे शुभवर्तमाने सांगतात. पण शिक्षा रोमची, शिपाई रोमचे. तरीही शतकानुशतके समस्त यहूदी समाजाला ‘ख्रिस्ताचे मारेकरी’ ठरवून छळले गेले, हा घोर अन्याय होता. कॅथलिक चर्चने तो सामूहिक दोषारोप १९६५ मध्ये अधिकृतपणे नाकारला.

‘ख्रिस्त आपल्या पापांसाठी मरण पावला’ ही श्रद्धा आद्य ख्रिस्ती धर्मप्रचारक पौलाच्या पत्रांत, म्हणजे घटनेनंतर पंचवीसेक वर्षांतच, रुजलेली दिसते. या मरणाने माणसाचे तारण (पापातून मुक्ती) कसे घडते, यावर मात्र एकमत नाही: कोणी ते मृत्यूवरील विजय मानले, कोणी खंडणी, अकराव्या शतकात धर्मपंडित अन्सेल्मने देवाच्या अवमानाची भरपाई म्हणून त्याची मांडणी केली. कुराणाच्या चौथ्या सूऱ्यात (अध्यायात) येशू क्रुसावर मारला गेल्याचेच नाकारले आहे. मराठीत ही कथा फादर थॉमस स्टीफन्स यांनी १६१६ मध्ये गोव्यात छापलेल्या ‘ख्रिस्तपुराणा’त ओवीबद्ध केली.