ओडिन देवांचा राजा कसा झाला?

एक डोळा, हातात भाला, आठ पायांचा घोडा आणि जगभरच्या बातम्या आणणारे दोन डोमकावळे. ज्ञानासाठी ओडिनने मिमिरच्या झऱ्यात आपला डोळा दिला. रून या प्राचीन लिपीतल्या अक्षरांचं रहस्य मिळावं म्हणून तो नऊ रात्री झाडाला लटकून राहिला. नॉर्स, म्हणजे प्राचीन स्कँडिनेव्हियातल्या, देवांचा राजा म्हणून आज आपण त्याला ओळखतो. पण त्या काळी सगळेच त्याला सर्वश्रेष्ठ मानत होते का?

इ. स. ९८ च्या सुमारास रोमन इतिहासकार टॅसिटस लिहितो की उत्तर युरोपातल्या जर्मानिक टोळ्या सर्वांत जास्त पूजा मर्क्युरी या (रोमन नावाच्या) देवाची करतात. हा मर्क्युरी म्हणजे वोडन, ओडिनचंच जुनं रूप, असं बहुतेक अभ्यासक मानतात. मर्क्युरीचा वार, म्हणजे आपला बुधवार, तिकडे वोडनच्या नावाने ओळखला जाऊ लागला, हा त्याला मोठा आधार. खुद्द ओडिनच्या नावाचा सर्वांत जुना ज्ञात उल्लेख पाचव्या शतकातल्या एका सोन्याच्या पदकावर आहे. हे पदक डेन्मार्कमध्ये विंडेलेव्हला २०२० मध्ये सापडलं आणि त्यावरचा ‘तो ओडिनचा माणूस’ असा मजकूर २०२३ मध्ये वाचला गेला. हा ‘तो’ बहुधा कुणी राजा किंवा सरदार असावा. इंग्लंडमधली अँग्लो-सॅक्सन राजघराणीही आपली वंशावळ वोडनपर्यंत नेत.

म्हणजे ओडिन राजांचा, योद्ध्यांचा आणि कवींचा. शेतकऱ्याला, दर्यावर्दी माणसाला जवळचा होता तो मेघगर्जनेचा देव थॉर. अकराव्या शतकात जर्मनीतल्या ब्रेमेनच्या अ‍ॅडम या ख्रिस्ती इतिहासकाराने स्वीडनमधल्या उप्सालाच्या मंदिराचं वर्णन केलं, त्यात मधलं आसन थॉरचं आहे आणि वोडन बाजूला.

मग ओडिनचं राजेपद एवढं ठसलं कसं? माझ्या मते याचं मोठं कारण स्नोरी स्टर्लुसन. आइसलँडचा हा कवी, कायदेपंडित आणि राजकारणी. १२२० च्या सुमारास त्याने ‘एडा’ रचली ती काव्यशास्त्र शिकवण्यासाठी, आणि तिचा आधार होता दरबारी कवींची जुनी कवनं. ज्यांच्या कवित्वाची देणगीच ओडिनची, त्यांनी त्याला सर्वांच्या वर बसवावं हे ओघानेच आलं. शिवाय आइसलँडने ख्रिस्ती धर्म स्वीकारून तेव्हा दोनशेहून अधिक वर्षं झाली होती. स्नोरीचा ‘सर्वपिता’ ओडिन वाचताना, त्यात ख्रिस्ती देवपित्याची छटा असू शकते, हे विसरून चालत नाही. त्याच आइसलँडमध्ये थॉरच्या नावाची गावं आणि माणसं जागोजागी सापडतात, ओडिनच्या नावाची जवळजवळ नाहीतच.