रमने अंड्यातले जंतू मरतात?

अमेरिकेत ख्रिसमस आला की हे ठरलेलं, एगनॉगमध्ये (अंडी, दूध, साखर आणि दारू घालून केलेलं पेय) कच्ची अंडी फेटून घातली तरी चालतंय म्हणे, वरून रम पडली की साल्मोनेला (कच्च्या अंड्यातून पोट बिघडवणारा जंतू) मेलाच. नाही हो, इतक्या लगेच नाही मरत! न्यूयॉर्कच्या रॉकफेलर युनिव्हर्सिटीत मुद्दाम साल्मोनेला घालून एगनॉग बनवलेलं, त्यात रम आणि बर्बन व्हिस्की सढळ हाताने होती तरी जंतू पूर्ण जायला 3 आठवडे लागले, आणि लोक तर संध्याकाळी करून रात्री पाहुण्यांच्या हातात ग्लास देतात. त्यापेक्षा अंडी, साखर, दूध मंद आचेवर सतत ढवळत 71 डिग्री सेल्सिअसपर्यंत न्या, चमच्याच्या पाठीला दाटसर थर धरला की लगेच उतरवा (जास्त तापलं की झालीच गोड भुर्जी), मग गार करा आणि रम चवीपुरती घाला.